ओलं छत आणि चोरलेला फ्यूज

या दिवाळी अंकात दरवर्षी निवृत्त माणसं लिहितात. मी एकोणतीस वर्षांची आहे. संपादिकाबाईंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, तू नक्की काय काम करतेस ते कुणालाच कळत नाही, तेवढं लिही. म्हणजे हा लेख एका परीने माझ्या नातेवाइकांसाठीही आहे. त्यांच्या समजुतीप्रमाणे मी 'लॅबमध्ये' असते, आणि माझ्या ओळखीने रक्त स्वस्तात तपासून मिळतं.

रक्त नाही, मी छतं तपासते. आमची प्रयोगशाळा छोटी आहे. कारखान्यांची हवा, पाणी, चिमणीचा धूर, यंत्रांचा आवाज असं सगळं आम्ही मोजतो. त्यातला ॲस्बेस्टॉसचा विभाग माझ्याकडे आला, कारण त्यात बोलावं कमी लागतं आणि सूक्ष्मदर्शकात जास्त बघावं लागतं. निदान नोकरीवर घेताना सरांनी मला तसं सांगितलं होतं.

ॲस्बेस्टॉस हा खाणीतून निघणारा दगड आहे, पण पिंजला की त्याचे धागे होतात. हे धागे आगीला, पाण्याला, कशालाच दाद देत नाहीत, म्हणून सिमेंटमध्ये कालवून त्यांचे पत्रे करतात. आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो तो पुष्कळदा हाच असतो. पत्रा धड आहे तोवर फारसं बिघडत नाही. पण वर्षानुवर्षं पाणी मुरून तो भुसभुशीत झाला, पोपडे सुटले आणि ते वाळले, की डोळ्याला न दिसणारे धागे हवेत तरंगायला लागतात. श्वासावाटे आत गेलेला धागा सहसा बाहेर येत नाही. त्रास झालाच तर तो वीस-तीस वर्षांनी होतो. इतक्या उशिरा येणाऱ्या दुखण्याला माणसाने आजच का घाबरावं, हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं.

लोक छताला घाबरत नाहीत, तपासणीला घाबरतात. खुलताबादच्या एका लॉजवाल्याने मी येणार म्हणून आदल्या दिवशी छताला गुलाबी ऑइलपेंट दिला होता. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतो, तसं. गंमत म्हणजे रंगाचा थर देऊन धागे कोंडून ठेवणं हा एक मान्य उपाय आहे. फक्त रंग नीट बसावा म्हणून त्याने आधी अख्खं छत पॉलिशपेपरने घासून काढलं होतं. जालना रोडवरच्या एका मंगल कार्यालयात तर मला मुलीकडची समजून थेट पंगतीत बसवलं. मी बुजरी आहे. ओळख सांगायला योग्य क्षण मिळेपर्यंत दोन जिलब्या झाल्या होत्या. मग तिथल्या तिथे मान वर करून छत पाहून घेतलं.

आता मुख्य हकिकत.

चिकलठाण्याच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याचे खोके बनवणारा एक कारखाना आहे. मालकांना मी इथे पाथ्रीकर साहेब म्हणते. ते त्यांचं खरं नाव नाही, कारण ते दिवाळी अंक वाचतात. त्यांचे खोके घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा माणूस पाहणीला आला होता. पॅकिंग हॉलच्या छतावरचे तपकिरी डाग पाहून त्याने तपासणीचा कागद मागितला. कागद नाही तर दिवाळीची ऑर्डर नाही. म्हणून गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधीच्या बुधवारी मी तिथे गेले.

हॉल लांबलचक होता. वर उतरते पत्रे आणि त्यांच्याखाली उन्हाची झळ लागू नये म्हणून सपाट शीटांचं छत. मधल्या चार शीटा पावसाळाभर पाणी पिऊन पोटुशा झाल्या होत्या. एका शीटचा कोपरा तुटून लोंबत होता आणि त्याच्या बरोबर खाली थंड पाण्याचा कूलर होता. चौदा बायका खोके दुमडून गठ्ठे बांधत होत्या. सहा पंखे गरगरत होते. जमीन मात्र लख्ख होती. छताचा एवढा भुगा पडत असताना जमिनीवर कणही नाही, हे पाहून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

ती स्वच्छता गयाबाईंची होती. वय पन्नाशीच्या पुढे, मूळच्या सोयगावकडच्या, बारा वर्षांपासून या हॉलमध्ये. त्या सगळ्यांच्या आधी येऊन झाडून घेत. कोरड्या खराट्याने.

नमुना घ्यायची पद्धत सोपी आहे. पंखे बंद करायचे, माणसं बाहेर काढायची, खाली प्लास्टिक अंथरायचं, तोंडाला गाळणीचा मास्क लावायचा. साबणाचं पाणी फवारून जागा भिजवायची, रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा कापायचा, एकात एक अशा दोन पिशव्यांत बंद करायचा आणि भोक बुजवायचं. मास्क लावून मी शिडीवर चढले तेव्हा दारातून चौदा जणी बघत होत्या. एकीने विचारलं, गॅस गळतोय का. दुसरी म्हणाली, नाय गं, सिनेमा काढायल्यात.

खाली उतरून मी पाथ्रीकर साहेबांना सांगितलं की कोणतीही शीट नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. आमच्याकडे एक नमुना दोघांनी वेगवेगळा पाहायचा नियम आहे, आणि दुसऱ्यांदा पाहणारे आमचे सर कामासाठी नांदेडला गेले आहेत. निकाल सोमवारी. आणि निकाल कळेपर्यंत छतात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चालायचं, तेव्हा तोवर हॉल बंद ठेवावा.

हे सगळं मी फार हळू आवाजात सांगितलं असणार. ते म्हणाले, "मॅडम, वीस वर्षं झाली या शेडला. आणि परवा शुक्रवारी तर दसऱ्याची साफसफाई आहे. बाया जाळ्या काढतील, सगळं छत झाडून घेतील. मंगळवारी खंडेनवमीची पूजा, पाहुणे येणार. तुम्ही सोमवारी या, एकदम चकाचक दिसेल."

खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक कारखान्यात यंत्रांची आणि अवजारांची पूजा होते. त्याआधी सगळं घासूनपुसून निघतं, तेही बायकांच्या हातून. मी गयाबाईंकडे पाहिलं. त्या बांबूला नवा खराटा बांधत होत्या, सुतळीचे वेढे दातांनी आवळून. शुक्रवारी त्या खराट्याने ते कुजकं छत झोडपलं जाणार होतं, खाली चौदा जणी तोंड वर करून उभ्या राहणार होत्या, आणि सोमवारी मी कागद घेऊन येणार होते.

आम्ही काही सरकारी माणसं नाही. आम्हाला सल्ला देता येतो, कुलूप लावता येत नाही. मी दाराला लाल-पांढरी पट्टी आडवी बांधली आणि 'प्रवेश बंद' असा कागद चिकटवला. हात धुवून परत येते तर पट्टी नव्हती. तिचे तुकडे करून तीन गठ्ठे बांधले होते. खोक्यांच्या कारखान्यात पट्टी दिसली की गठ्ठा बांधायचा, इतकं ते त्यांच्या हातात भिनलेलं. प्रवेश बंदचा कागद मात्र जागेवर होता. दार आतल्या बाजूला उघडत असल्यामुळे तो वाचायला बायका आत जाऊन परत बाहेर येत होत्या. तहान लागेल तो पाण्यासाठी आत जातच होता. ऑक्टोबरचं ऊन होतं, आणि थंड पाणी त्या एकाच कूलरला.

तेव्हा मी जे केलं ते माझ्या स्वभावात बसत नाही. हॉलच्या बाहेर भिंतीवर विजेचा बोर्ड होता. मेन स्विच बंद करून मी हॉलचा चिनीमातीचा फ्यूज उपसला, पर्समध्ये टाकला, स्विच परत चालू केला आणि रिक्षा पकडली. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, तब्येत ठीक आहे ना.

माझा अंदाज बरोबर निघाला. आपल्याकडे लाईट का गेली हे कुणी विचारत नाही, कधी येणार एवढंच विचारतात. गुरुवारी दुपारी मी पाहायला गेले तर पंखे थांबलेले, हॉल तापून भट्टी झालेला आणि बायका गठ्ठे घेऊन लिंबाच्या सावलीत बसलेल्या. कूलर पाथ्रीकर साहेबांच्या पुतण्याने ऑफिसच्या व्हरांड्यात नेऊन लावला होता. तो फोनवर कुणाला तरी सांगत होता की अख्ख्या चिकलठाण्याची लाईट गेलीय. त्याच्या डोक्यावर पंखा चालू होता.

मी समाधानाने परत वळले, तेवढ्यात पायरीवर बसलेल्या गयाबाईंनी हाक मारली.

"मॅडम, काय शोधायल्या?"

काही नाही, म्हटलं, सहज आले.

"ऑफिसात लाईट हाय, मशिनीवर हाय, निस्ता आमचाच हॉल अंधारात. म्या बोर्ड उघडून बघितला." त्या माझ्या पर्सकडे बघत म्हणाल्या, "काल आल्या तवा तुमची पिशवी अशी एका अंगाला झुकत नव्हती."

शाळेत कॉपी करतानाही मी कधी पकडले गेले नव्हते, कारण कधी केलीच नव्हती. मी त्यांच्या शेजारी बसले. माझी शाळा इंग्रजी. घरातलं मराठी जेवणखाण आणि रुसण्यापुरतं. छत, धागे, फुप्फुस हे सगळं मला इंग्रजीत येत होतं आणि समोर गयाबाई होत्या. मी म्हटलं, सिमेंटात बारीक तंतू असतात.

"तंतू मंजे?"

दोरा, म्हटलं. पण टोकदार. अडकला की निघत नाही.

"मंग कुसळ म्हना की. बाजरी उफणताना घशात जातं तसं." त्यांनी खराटा बाजूला ठेवला. "पर ते खोकलं की निघतं."

हे निघत नाही, मी म्हटलं.

बाजरी उफणताना वाऱ्याकडे पाठ करून उभं राहतात. या हॉलमध्ये सहा पंखे होते, पाठ करायला दिशाच नव्हती. हे मी न सांगता त्यांना कळलं. मग त्यांनी आपणहून सांगितलं की त्या सगळ्यांच्या आधी येतात ते एवढ्यासाठीच. छताचे तुकडे पडलेले मालकांनी पाहिले तर म्हणतील, झाडलं नाही. रोज पाटीभर भुगा निघतो. चुना समजून त्या तो मागच्या कढीपत्त्याला घालतात. झाड काही वाढत नव्हतं, तर आणखी घातला.

"उद्या छत झाडू नका," मी म्हटलं.

"म्या नाय झाडणार. पर ह्या तेरा जणींना काय सांगू? फ्यूज नाय म्हनून काय उजेड पडत नाय का खिडकीतून? मालकानं पोळ्या-भाजी सांगितलीय उद्या. नटून येतील सगळ्या. तुमची पट्टी तर त्यांनी गठ्ठ्याला बांधली."

मी म्हटलं, मी त्यांच्याशी बोलते.

गयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी काही टोमणा मारला नाही, एवढंच नमूद करते.

शुक्रवारी सकाळी मी पोचले तेव्हा हॉलच्या दारात, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, रांगोळी घातलेली होती. ठिपक्यांची, भरगच्च, मध्ये हळदकुंकू. आत पाऊल टाकायला बोटभर जागा नव्हती. तेरा जणी हातात खराटे घेऊन तिच्यापलीकडे उभ्या होत्या आणि एकही आत जात नव्हती. ज्या बायकांनी माझी पट्टी कापून वापरली होती त्या रांगोळीवर पाय द्यायला तयार नव्हत्या. गयाबाईंनी त्यांना सांगितलं होतं, यंदा पूजेपर्यंत ही रांगोळी मोडायची नाही, पूजा अंगणात. का, असं कुणीतरी विचारलं असणार. गयाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून परत विचारलं नसणार.

पाथ्रीकर साहेब आले, रांगोळीपाशी थांबले. त्यांनी चपला काढल्या, परत घातल्या. मग म्हणाले, अंगणात तर अंगणात. जाताना त्यांनी मला विचारलं, हे तुम्ही काढलंत का मॅडम. मला साधं कमळसुद्धा येत नाही. मी नाही म्हटलं, आणि त्या आठवड्यात मी त्यांना सांगितलेलं ते एकमेव पूर्ण सत्य होतं.

सोमवारी सर नांदेडहून आले. आम्ही दोघांनी तोच नमुना स्वतंत्रपणे पाहिला आणि दोघांच्या कागदावर एकच उत्तर आलं. ॲस्बेस्टॉस होतं. खरं सांगते, निकाल पाहून पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं, कारण नसतं निघालं तर फ्यूजचोरीचं समर्थन काय करणार होते? त्या सुटकेची लाज दुसऱ्या क्षणी वाटली आणि अजून वाटते.

पुढचं काम जाणकार लोकांचं होतं. पांढरे अंगरखे घातलेली माणसं आली, छत भिजवून, न तोडता अख्ख्या शीटा उतरवल्या, गुंडाळून नेल्या. कढीपत्त्याखालची मातीही नेली. झाड मी मागितलं होतं, दिलं नाही. फ्यूज मी कधीतरी गुपचूप बोर्डात परत बसवला. पुतण्या म्हणाला, बघा, लाईट आली.

त्याच आठवड्यात गयाबाई बाकीच्या बायकांना घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आल्या. त्यांना ते कुसळ बघायचं होतं. विशिष्ट प्रकाशात हा धागा निळा-जांभळा चमकतो, फार देखणा दिसतो. एकेक जण स्टुलावर बसून डोळा लावत होती. मी समजवायला तोंड उघडलं, पण गयाबाईंनी आधीच सुरुवात केली होती.

"बायांनो, हे भिजलं की गप बसतंय आन् वाळलं की उडतंय. म्हनून कोरडं झाडायचं नाय."

"आमच्या मालकाचं उलटं हाय," मागून एक जण म्हणाली. "कोरडे असले की गप, भिजून आले की उडतात." घरच्या मालकाबद्दल चाललं होतं. सूक्ष्मदर्शकावरची बाई हसून इतकी हलली की काच सरकली.

शेवटी गयाबाई बसल्या. त्या सगळ्यात जास्त वेळ बघत राहिल्या. बाकीच्या जिना उतरून गेल्यावर, डोळा न उचलता त्यांनी विचारलं, "माझ्यात असंल का हे?"

इंग्रजीत याला एक गुळगुळीत वाक्य आहे. ते मी कितीतरी अहवालांत लिहिलंय. मराठीत ते मला सापडेना, आणि ते बरंच झालं.

"असेल," मी म्हटलं. "बारा वर्षं झाडलंत, म्हणजे थोडंफार असेल. पुष्कळांना त्याने काही होत नाही. तुम्हाला होईल की नाही ते मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. दरवर्षी छाती तपासून घ्यावी लागेल. पुढे वीस-तीस वर्षं."

"कोण तपासंल? म्या मालकाला सांगू का, मला बघा म्हनून? उद्या दुसरी ठिवील झाडायला." त्या उठल्या, पदर सारखा केला. "तुमी कागदावर लिवा. कागदाला घाबरतो त्यो."

मी लिहिलं. चौदा नावं, प्रत्येकीसमोर ती हॉलमध्ये किती वर्षं आहे तो आकडा, कोण झाडत होतं, कोण नव्हतं. त्याखाली, या सगळ्यांची दरवर्षी छातीची तपासणी कारखाना करील, पुढे त्या कामावर असोत वा नसोत. साध्या मराठीत, म्हणजे वाचून दाखवायला मी लागायला नको.

कच्चा मसुदा पाहून पाथ्रीकर साहेब अगदी गोड बोलले. अहवाल उत्तम आहे, पण या पानाची काही गरज नाही, कंपनीवाले फक्त 'हॉल वापरायला हरकत नाही' एवढंच मागतात, ते तेवढं पक्कं करून आणा. दिवाळीची ऑर्डर दाराशी उभी होती. मी मान हलवली. मला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना एव्हाना कळलं होतं.

दोन दिवसांनी हॉलची हवा तपासून झाली, स्वच्छ निघाली, आणि मी पक्का कागद दोन प्रतींत घेऊन गेले. गयाबाई ओल्या फडक्याने ऑफिसची फरशी पुसत होत्या. तीच फरशी त्या जरा जास्तच वेळ पुसत होत्या.

पाथ्रीकर साहेबांनी पेन काढलं, कागद पाहिला, उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. एकच पान होतं. वर चौदा नावं, मध्ये तपासणीची जबाबदारी, आणि सगळ्यात खाली, मालकांनी 'मान्य' म्हणून करायच्या सहीच्या रेषेला लागून, हॉल वापरायला हरकत नाही. वरचं फाडलं तर आमचा शिक्का जात होता, खालचं फाडलं तर त्यांची ऑर्डर.

"मॅडम," ते म्हणाले, "हे दोन वेगळ्या पानांवर देता आलं असतं."

"आमची पर्यावरणाची लॅब आहे साहेब," मी म्हटलं. "आम्ही कागद वाचवतो."

माझ्या लक्षात आलं की मी हे चांगल्या मोठ्या आवाजात बोलले होते. फरशीवरचं फडकं थांबलं होतं. साहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा गयाबाईंकडे पाहिलं, आणि सही केली.

"दुसऱ्या प्रतीवर पण," गयाबाई म्हणाल्या. "ती आमची."